वाइनचे वेगवेगळे ग्लास घ्यावेत का? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नाशिकच्या एखाद्या वायनरीतून चार बाटल्या घरी आल्या, की पाठोपाठ ग्लासांचा प्रश्न येतो. ऑनलाइन पाहायला जावं तर डोकं गरगरतं. कॅबर्ने सोव्हिन्यॉनचा ग्लास वेगळा, पिनो नुआरचा वेगळा, शार्दनेचा वेगळा, रिस्लिंगचा वेगळा, बुडबुड्यांच्या स्पार्कलिंग वाइनसाठी उंच आणि बारीक. प्रत्येकाच्या वर्णनात तोच सूर: या द्राक्षाची खरी चव याच ग्लासात कळेल.

माझं उत्तर आधीच सांगते. सुरुवातीला एकाच आकाराचे चांगले ग्लास घ्या आणि लाल, पांढरी, गुलाबी म्हणजे रोझे, स्पार्कलिंग सगळ्या त्यातच प्या. वाचलेले पैसे बऱ्या वाइनवर खर्च करा. आणि आपल्या हवेत ग्लासापेक्षा कितीतरी जास्त लक्ष तापमानाकडे द्या. महाराष्ट्रातल्या घरांमध्ये वाइनची मजा जाते ती बहुतेक वेळा ती कोमट प्यायल्यामुळे, आणि त्याचं खापर ग्लासावर किंवा वाइनवर फुटतं.

आता हे असं का, आणि नेमकं काय करायचं, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: ग्लास नक्की काय करतो ते समजून घ्या

द्राक्षागणिक ग्लास ही कल्पना तशी जुनी नाही. ऑस्ट्रियातल्या कुफश्टाइन गावच्या रीडेल या काचेच्या घराण्यातल्या क्लाउस रीडेल यांनी १९५८ मध्ये फ्रान्समधल्या बर्गंडी भागातल्या लाल वाइनसाठी एक भला मोठा, फुगीर ग्लास काढला. १९७३ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या वाइनसाठी वेगवेगळ्या आकारांची अख्खी मालिका बाजारात आणली. त्याआधीच्या नक्षीदार, रंगीत, जाड ग्लासांच्या तुलनेत हे पातळ, साधे, पारदर्शक ग्लास खरोखरच मोठी सुधारणा होते. वाइन पिणाऱ्यांनी याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

घोळ झाला तो पुढच्या दाव्यांमुळे. ग्लासाचा काठ वाइन जिभेच्या ठरावीक भागावर सोडतो, गोड टोकाला कळतं, आंबट कडेला, कडू मागे, म्हणून आकार बदलला की चव बदलते, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. शाळेच्या पुस्तकात जिभेचा तो नकाशा अनेकांनी पाहिला असेल. त्याचं मूळ १९०१ सालच्या एका जर्मन शोधनिबंधात आहे. हेनिग नावाच्या संशोधकाला जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनेत अगदी थोडा फरक आढळला होता. १९४२ मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात तो असा मांडला गेला, की वाचणाऱ्यांनी थेट सीमारेषाच आखून टाकल्या. प्रत्यक्षात सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. शिवाय घोट तोंडात गेला की लगेच सगळीकडे पसरतो. तेव्हा जिभेच्या नकाशावर ग्लास विकणाऱ्याचं बोलणं ऐकून घ्या आणि पुढे चला.

मग आकाराला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो नाकाशी आहे. आपण जिला वाइनची चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. ग्लास नाकाशी नेला की वास येतोच, आणि घोट गिळताना घशामागून पुन्हा नाकात जातो. सर्दी झाली की वरण-भातही सपक लागतो, तो यामुळेच. म्हणून ग्लासाचं काम एवढंच: वाइनचा पृष्ठभाग मोठा ठेवायचा, म्हणजे वास सुटेल, आणि तोंड लहान ठेवायचं, म्हणजे तो वास लगेच उडून जाणार नाही. आपल्या तांब्याचा आकार डोळ्यांसमोर आणा. पोट मोठं, वर निमुळतं. वाइनच्या ग्लासाचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं.

याला प्रयोगांचा आधार आहे. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी, वाइनचं कसलंही प्रशिक्षण नसलेल्या लोकांना वेगवेगळ्या आकारांच्या ग्लासांतून वाइन हुंगायला दिली. फुगीर पोटाच्या ग्लासातला वास त्यांना जास्त ठळक वाटला. दुसरा प्रयोग मला फार आवडतो. टोकियोतले प्राध्यापक कोजी मित्सुबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वाइनच्या ग्लासातून वर येणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेचं चक्क चित्रण केलं. ग्लासाच्या तोंडावर त्यांनी विकरं (एन्झाइम) लावलेली एक जाळी ठेवली. अल्कोहोलची वाफ लागली की जाळी चमकायची आणि कॅमेरा ते टिपायचा. वाइनच्या ग्लासात १३ अंश तापमानाला एक सुरेख कडं दिसलं: काठाजवळ अल्कोहोल जास्त, मधोमध कमी. म्हणजे नाक मध्ये धरलं तर अल्कोहोलचा झणका टाळून फळांचा, फुलांचा वास घेता येतो. सरळ उभ्या ग्लासात किंवा मार्टिनीच्या पसरट ग्लासात हे कडं दिसलं नाही.

आता खरी गोम. तीच वाइन त्याच ग्लासात २५ अंशांवर ठेवली, तेव्हा ते कडंही नाहीसं झालं. मधोमधसुद्धा अल्कोहोलच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमान ३० च्या वर असतं. तिथे सहा हजारांचा ग्लास काय करणार?

दुसरी पायरी: आधी वाइन गार करायला शिका

ग्लासावर एक रुपयाही खर्च करण्याआधी ही पायरी पार करा. तिला पैसे पडत नाहीत.

‘लाल वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांसाठी आहे. तिथलं रूम टेंपरेचर म्हणजे १६ ते १८ अंश. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे कदाचित तेवढं मिळेल, नागपुरात किंवा ठाण्यात मेमध्ये त्याचं नावही काढू नका. लाल वाइन १६-१८ अंशांवर, पांढरी आणि रोझे ८ ते १२ वर, स्पार्कलिंग ६ ते ८ वर, हे अंदाज लक्षात ठेवा.

थर्मामीटर नसला तरी चालतं. लाल वाइनची बाटली पिण्याआधी तास-सव्वा तास फ्रिजमध्ये ठेवा, दारातल्या कप्प्यात नाही, आत. पांढरी सकाळीच ठेवून द्या. पाहुणे दारात उभे आहेत आणि बाटली गरम आहे, अशा वेळी स्टीलचं मोठं पातेलं घ्या, त्यात निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घाला आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा. वीस-पंचवीस मिनिटांत पांढरी वाइन पिण्याजोगी होते, लालला दहा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात बाटली खोचून उपयोग नाही, कारण बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात. पाणी सगळीकडून बिलगतं, म्हणून पाणी हवंच.

कमी ओता हेही याच पायरीत सांगते. ३२ अंशांच्या खोलीत ग्लासातली पांढरी वाइन पाहता पाहता तापते. शंभर मिलीच ओता, बाटली पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा, संपली की पुन्हा घ्या. पाहुण्याला ग्लास काठोकाठ भरून द्यावा ही आपली रीत फार प्रेमाची आहे, पण वाइनच्या बाबतीत ती जरा बाजूला ठेवावी लागते. भरलेल्या ग्लासात वास साठायला जागाच उरत नाही, आणि तो साठवण्यासाठीच तर आपण ग्लास घेणार आहोत.

तिसरी पायरी: घरच्या भांड्यांवर प्रयोग करा

माझं ऐकून काही ठरवू नका, स्वतः करून पाहा. नाशिकची सोव्हिन्यॉन ब्लांक किंवा शनँ ब्लांकची एखादी बाटली घ्या. या दोन्ही पांढऱ्या वाइनना स्पष्ट, ओळखता येईल असा वास असतो, म्हणून नवख्याला फरक चटकन कळतो.

तीन भांडी मांडा: पाणी प्यायचा साधा सरळ काचेचा ग्लास, स्टीलचा पेला, आणि कुणाकडून तरी मागून आणलेला वाइनचा ग्लास. तिन्हींत थंड वाइन प्रत्येकी ५० मिली ओता. मोजायला केकसाठी वापरतो तो मेजरिंग कप चालेल. ओढणीने डोळे बांधा. भांडं स्वतःच्या हातात घेऊ नका, कारण हाताला वजन आणि थंडावा कळतो आणि मग मन आपोआप ठरवून टाकतं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ते नाकाखाली धरावं, एकदा हलकेच गोल फिरवून. तुम्ही फक्त हुंगायचं. प्रत्येक वेळी मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना हा प्रयोग मांडू नका, आणि अत्तर किंवा गजरा असेल तर तोही दूर ठेवा.

बहुतेकांना वाइनच्या ग्लासात वास जास्त भरलेला जाणवतो. पेल्यात तो पातळ वाटतो, सरळ ग्लासातही बराच विरतो. कुणाला पेरूची आठवण होते, कुणाला कापलेल्या गवताची, कुणाला लिंबाच्या सालीची. नाव काय सुचतं याला महत्त्व नाही, वास किती भरीव वाटतो ते पाहा. आता डोळे उघडून तीच वाइन तिन्हींतून प्या. पेल्याचा काठ आणि ग्लासाचा पातळ काठ यांतला फरक ओठांना लगेच कळेल. हा फरक खरा आहे, आणि त्यासाठी थोडे पैसे मोजणं मला पूर्ण पटतं.

तुम्हाला फरक अजिबात जाणवला नाही, तर तूर्तास ग्लास घेऊच नका. काचेच्या साध्या ग्लासात आनंदाने प्या. त्यात काहीही गैर नाही.

चौथी पायरी: पहिला ग्लास कसा निवडायचा

फरक जाणवला, तर आता खरेदी. दुकानदार रेड वाइनचा की व्हाइट वाइनचा, असं विचारेल. ‘मधला दाखवा’ म्हणा. बऱ्याच कंपन्यांकडे असा सगळ्यांसाठी चालणारा एक आकार असतो. इंग्लंडमधल्या नामवंत वाइन-समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी रिचर्ड ब्रेंडन या डिझायनरबरोबर २०१८ मध्ये ग्लास आणला, तो एकच: पांढरी, लाल, स्पार्कलिंग, गोड, सगळ्यांसाठी तोच. त्याच्याही कितीतरी आधी, १९७७ मध्ये, वाइन चाखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, तेही एकाच ग्लासाचं. २१५ मिलीचा, १५५ मिलीमीटर उंचीचा, पोटाशी ६५ आणि तोंडाशी ४६ मिलीमीटर. त्यात फक्त ५० मिली वाइन ओतायची. जगभरातल्या परीक्षकांनी वर्षानुवर्षं असल्या छोट्या ग्लासांतून हर तऱ्हेच्या वाइन पारखल्या. जेवणासोबत प्यायला तो फारच लहान पडतो, पण वाइन ओळखायला डझनभर आकार लागत नाहीत एवढं त्यावरून नक्की कळतं.

घरासाठी मी सुचवेन ती मापं अशी: एकूण मावणं ३५० ते ४५० मिली, पोट साधारण ८ ते ९ सेंटीमीटर रुंद, तोंड ६ ते साडेसहा. उंची तुमच्या कपाटाने ठरवायची. हे हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडच्या किचन कॅबिनेटचे कप्पे बरेचदा डबे आणि ताटल्यांच्या मापाने केलेले असतात. २३-२४ सेंटीमीटरचा उंच, नाजूक ग्लास त्यात उभा राहत नाही, मग तो फ्रिजवर जातो, आणि फ्रिजवरून एक दिवस खाली. निघण्याआधी कप्प्याची उंची टेपने मोजा आणि त्यातून दोन सेंटीमीटर वजा करा.

दुकानात ग्लास हातात घ्या आणि बोट काठावरून फिरवा. स्वस्त ग्लासांच्या काठाला बोटाला लागणारी गोल, जाडसर कड असते. ती मजबूत असते, पण वाइन तिच्यावर अडखळून मग तोंडात येते. छाटून घासलेला काठ सपाट आणि पातळ लागतो. दोन ग्लासांत निवड करायची झाली आणि बाकी सगळं सारखं असलं, तर पातळ काठाचा घ्या. माझ्या मते आकारातल्या बारीकसारीक फरकांपेक्षा काठाचा हा फरक पिताना जास्त जाणवतो.

मग रिकामा ग्लास पिण्यासारखा तोंडाशी न्या. नाक आत येतं का? आपली नाकं काही एका मापाची नसतात. फारच निमुळत्या तोंडाच्या ग्लासात काठ नाकाच्या शेंड्याला लागतो आणि मान मागे टाकून प्यावं लागतं. तो ग्लास परत ठेवा, कितीही नावाजलेला असो. काउंटरवर ठेवून डुगडुगतो का तेही पाहा. रंगीत काच, सोनेरी काठ, कोरीव नक्षी नको. वाइनचा रंग दिसायला हवा.

काचेचं म्हणाल तर साधी सोडा-लाइम काच सुरुवातीला उत्तम. थायलंडच्या ओशन कंपनीचे असे ग्लास आपल्याकडे सहज मिळतात, सहाचा सेट साधारण हजार-दीड हजारांच्या घरात येतो. त्यावरची पायरी म्हणजे शिसंविरहित क्रिस्टल. त्याचा काठ अधिक पातळ काढता येतो आणि काच जास्त लखलखते. त्याच कंपनीचे लुकारिस नावाचे ग्लास या गटातले. जर्मनीच्या त्स्वीझेल कंपनीने काचेत टायटॅनियम आणि झिर्कोनियमची ऑक्साइडं घालून जरा चिवट क्रिस्टल काढलं आहे. घरी आजोबांच्या काळातलं जड, कापीव क्रिस्टल असेल, तर त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. त्या काळच्या खऱ्या लेड क्रिस्टलमध्ये २४ टक्के किंवा त्याहून जास्त लेड ऑक्साइड असायचं. अशा क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या सुरईत, वाइन भरून दिवसेंदिवस ठेवू नका.

दांडीचा की बिनदांडीचा? कपाट लहान असेल, घरात लहान मुलं असतील, तर बिनदांडीचा मोह होणं साहजिक आहे. पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत थंड वाइनचा ग्लास बाहेरून घामेजतो, हाताला चिकटतो, आणि तळहाताची ऊब थेट वाइनला लागते. मी दांडीच्या बाजूने. आखूड आणि जराशी जाड दांडी असलेले ग्लास मिळतात, ते आपल्या घरांना फार सोयीचे.

किती घ्यावेत? घरात पिणारे दोघं असाल तर चार, आणि एकेक सुटा मिळणाऱ्या मालिकेतलेच. फुटणार तर आहेतच. फुटलेल्याच्या जागी तसाच एक आणता यायला हवा.

पाचवी पायरी: ओतण्याची खूण शोधा

नवा ग्लास आणल्यावर त्यात मोजून १५० मिली पाणी ओता आणि ते कुठवर येतं ते नीट पाहून ठेवा. योग्य ग्लासात ते पोटाच्या सर्वांत रुंद भागाच्या आसपास, थोडं खालीच थांबतं. ती तुमची कमाल रेषा. ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच ग्लास होतात, त्यामुळे चार माणसांना बाटली कितपत पुरेल याचाही हिशेब बसतो. उन्हाळ्यात याहून कमी ओता, ते वर सांगितलंच.

फिरवताना ग्लास टेबलावरच ठेवून बैठकीपाशी, म्हणजे खालच्या चकतीपाशी, दोन बोटांनी धरा आणि टेबलावरच लहान वर्तुळं काढा. हवेत फिरवायची घाई करू नका, पांढऱ्या कुर्त्यावर शिराझसारख्या लाल वाइनचा डाग सहजी निघत नाही. दोन-तीन वेढे पुरे. मग नाक ग्लासाच्या तोंडाच्या मधोमध आणा. टोकियोच्या प्रयोगातली ती मधली जागा हीच.

सहावी पायरी: धुणं आणि ठेवणं

आपल्या घरांमध्ये ग्लासाचं आयुष्य इथे ठरतं, आणि वासही इथेच बिघडतो.

रात्री धुवायला जाऊ नका. ग्लासांत थोडं पाणी घालून ओट्याच्या मागच्या कडेला ठेवा आणि सकाळी धुवा. सकाळी मावशी भांडी घासायला येण्याआधी ते सिंकच्या बाहेर निघालेले असावेत. कुकर, कढई आणि तव्याच्या ढिगाऱ्यात पातळ काच टिकेल कशी? फुटली तर हात त्यांचा कापेल. हे ग्लास स्वतःच धुवायचे, हा घरचा नियम करून टाका.

बहुतेक वेळा नुसतं कोमट पाणी पुरतं. काठावर लिपस्टिक किंवा तेलकट बोटांचे ठसे असतील तर थेंबभर साबण बोटाला लावून तेवढ्याच जागी चोळा आणि भरपूर पाण्याने खळबळून काढा. घासणीचा वापर नको. तिच्यात कालच्या रश्श्याचा वास मुरलेला असतो. बोअरवेलचं जड पाणी येत असेल तर ग्लास वाळल्यावर पांढुरके डाग राहतात. शेवटच्या पाण्यात पांढऱ्या व्हिनेगरचे काही थेंब टाकले की ते बसत नाहीत.

पुसायला जुन्या सुती धोतराचा किंवा पंचाचा धुतलेला तुकडा सर्वांत छान. एका हाताने पोट धरा, दुसऱ्याने आतून हलकेच पुसा. बैठक एका हातात आणि पोट दुसऱ्यात धरून पिळल्यासारखं कधीही करू नका. पुसताना दांडी तुटते ती नेमकी याच झटक्याने, आणि तुटलेली दांडी तळहातात घुसू शकते.

कपाटात ग्लास सरळ उभे ठेवा. उपडे ठेवले तर कप्प्यातला वास आत कोंडतो. मसाल्याच्या डब्यांशेजारी तर नकोच, आणि डांबराच्या गोळ्या असलेल्या कपाटात अजिबात नको. धुळीची काळजी वाटत असेल तर वरून पातळ कापड टाका. पिण्याआधी दरवेळी रिकामा ग्लास एकदा हुंगा. पुठ्ठ्याचा, साबणाचा, हिंगाचा, कसलाही वास आला तर पाण्याने खळबळून घ्या, किंवा चमचाभर वाइन आत फिरवून ती टाकून द्या. कित्येकदा ‘वाइन खराब लागली’ म्हणतात त्याचं मूळ इथे असतं.

सातवी पायरी: स्पार्कलिंग, पोर्ट आणि बाकीचं

उंच, बारीक फ्लूट ग्लास घ्यावा का? त्यात बुडबुड्यांची माळ छान दिसते आणि वायू जास्त वेळ टिकतो, हे खरं आहे. फ्रान्समधल्या ऱ्हाँस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनच्या बुडबुड्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. पसरट, उथळ ग्लासातून वायू फ्लूटपेक्षा लवकर निसटतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. पण फ्लूटच्या चिंचोळ्या तोंडात नाक शिरत नाही आणि वास अडकून राहतो. नाशिकच्या दिंडोरी-गंगापूर भागात आता बऱ्यापैकी ब्रूट, म्हणजे कोरडी स्पार्कलिंग, बनते. ती पातळ काठाच्या त्याच ‘मधल्या’ ग्लासात थंडगार पिऊन पाहा. मला तिथेच तिचा खरा वास मिळतो. एक गंमत सांगते: बुडबुडे तयार होतात ते बहुतांशी ग्लासात राहिलेल्या सूक्ष्म तंतूंवर. सुती कापडाने पुसलेल्या ग्लासात ते चांगले येतात, डिशवॉशरमधून निघालेल्या अगदी निर्मळ ग्लासात कमी. म्हणूनच काही कंपन्या ग्लासाच्या तळाशी मुद्दाम बारीक ओरखडे ठेवतात.

गोव्याहून आणलेली पोर्ट गोड असते. तिच्यासाठी वेगळा छोटा ग्लास घेण्याची गरज नाही, याच ग्लासात ५०-६० मिली ओता आणि जरा थंड करून घ्या. लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या, शनँसारख्या गोड वाइनलाही हेच लागू. डिकँटर आत्ता नको. तरुण, कडक लाल वाइनला हवा द्यायची असेल तर काचेच्या स्वच्छ जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा.

आठवी पायरी: वेगळा आकार घ्यायचा मोह झालाच तर

वर्ष-दोन वर्षांनी तुमची आवड पक्की होते. समजा, तुम्ही मुख्यतः ओकच्या पिंपात मुरलेल्या लाल वाइनच पिता, नाशिकच्या राखीव शिराझ किंवा अकलूजच्या फ्रातेली वायनरीची सेत्ते. तेव्हा ६०० मिलीच्या मोठ्या ग्लासाचा विचार करायला हरकत नाही. ओतलेल्या वाइनचा पृष्ठभाग वाढतो, वास लवकर खुलतो. पिनो नुआरच्या खास गोलाकार ग्लासाबद्दल मात्र मी नको म्हणेन, कारण आपल्याकडे ती वाइन फार थोड्यांच्या घरी नेमाने येते. ऑस्ट्रियाचे झाल्टोसारखे हाताने फुंकलेले, पिसासारखे हलके ग्लास हातात घ्यायला अतिशय सुंदर वाटतात. त्या सौंदर्यासाठी पैसे द्यावेसे वाटले तर जरूर द्या. फक्त वाइन दुप्पट चांगली लागेल या अपेक्षेने देऊ नका.

पैसे देण्याआधी एक चाचणी करा. मित्राकडून नवा आकार उसना आणा, किंवा आधी एकच विकत घ्या. तुमचे जुने दोन आणि हा नवा एक, असे तीन ग्लास. तिन्हींत एकाच बाटलीतली, सारख्याच तापमानाची, सारखीच मोजून वाइन. डोळे बांधलेले. दुसऱ्या कुणीतरी एकेक ग्लास नाकाखाली धरायचा, क्रम मनाला येईल तसा. ओठ किंवा नाक काठाला लागू द्यायचं नाही, कारण तोंडाची रुंदी लगेच ओळखू येते. यांतला वेगळा ग्लास कोणता, एवढंच सांगायचं. क्रम बदलून हे सहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी सहापैकी सरासरी दोन उत्तरं बरोबर येतातच. म्हणून तीन बरोबर आली म्हणून हुरळून जाऊ नका. पाच किंवा सहा आली, तर तुमच्या नाकाला फरक खरंच कळतो आहे. नंतर, फरक ओळखता आला तरी त्यातला कोणता वास तुम्हाला जास्त आवडला, हे पुन्हा डोळे बांधूनच स्वतःला विचारा. वेगळा म्हणजे चांगला असं काही नसतं. नवा आवडला, तर आणखी एक घेऊन जोडी पूर्ण करा. सहाचा सेट नको. जुने चार पाहुण्यांसाठी आहेतच.